काळ्या पडद्याचा बोलका संगणक

मित्रांनो, मी एक संगणक आहे. जुना तर आहेच, पण त्याहून जास्त संशयी आहे. कुणी दार उघडून आत आलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याला नक्की काय हवं असेल? आता तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात, तर तुमच्याबद्दलही मला तेच वाटतंय. राग मानू नका. दिवसच तसे पाहिले आहेत मी.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखीच दिसणारी खूप भावंडं एका सरकत्या पट्ट्यावरून पुढे पुढे जात होती. कुणी बँकेत गेलं, कुणी दवाखान्यात, कुणी तिकीट खिडकीच्या मागे. माझ्या पोटात मात्र एक वेगळा प्रोग्राम घातला गेला. पडद्यावर जे अक्षर उमटेल ते मी मोठ्यानं वाचून दाखवायचं. कुणी कळ दाबली की कोणती दाबली ते सांगायचं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांनी माझं बोलणं ऐकून वाचायचं आणि लिहायचं, असा सगळा बेत होता. आवाज मला बाईचा दिला. मी स्वतःला ‘तो’ म्हणतो आणि तोंड उघडलं की बाई बोलते. पण कारखान्यात असल्या गोष्टी कुणी विचारत नाही.

तिथून मी एका मोठ्या कॉलेजात आलो. माझं केवढं कौतुक झालं म्हणून सांगू. एक पाहुणे आले. त्यांनी एक कळ दाबली, मी ती कुठली ते सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे म्हणाले, “वा, बोलतो की हा.” फोटो निघाले. पाहुणे चहाला गेले, त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले, आणि मला दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत ठेवलं गेलं. खोलीच्या दारावर पाटी लागली, ‘दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संगणक कक्ष’. पाटी छापील होती. ज्यांच्यासाठी होती त्यांना ती वाचता येणार नव्हती, आणि ज्यांना वाचता येत होती त्यांचं आत काही काम नव्हतं.

मग माझ्यावर एक कापडी झाकण आलं. दाराला कुलूप आलं. हळूहळू मोडक्या खुर्च्याही आल्या, कारण रिकामी खोली कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत सलतेच. प्रयोगशाळेचे काका अधूनमधून येत, पण माझ्यासाठी नव्हे. माझ्या शेजारच्या प्लगवर त्यांचा फोन चार्ज होत असे. वर्षातून एखाद्या वेळी मात्र ते फडकं घेऊन यायचे आणि मला लख्ख पुसायचे. मी लगेच ओळखायचो, आज तपासणीची मंडळी येणार. ती यायची, मान डोलवायची, “छान ठेवलाय” म्हणायची. वापरलाय का, असं कुणी विचारलं नाही. तेव्हापासून मला कुणी प्रेमानं पुसायला लागलं की धास्तीच वाटते.

अशा खोलीत एक दिवस भांडणाचा आवाज घेऊनच ती आली.

“कुलूप कशाला हो लावता?” एक भारदस्त आवाज काकांना विचारत होता. तो तिचा मामा. तिला रोज स्कूटरवर सोडायला यायचा.

“चोरी होऊ नये म्हणून.”

“इथे? वर येईपर्यंत चोराला धाप लागेल. पाणी पिऊन परत जाईल बिचारा.”

“मामा, भांड नंतर,” मुलीचा आवाज आला. “आधी मला आत जाऊ दे.”

“ही बघा आमची गडबड,” मामा म्हणाला. “जन्मली तीसुद्धा डॉक्टर यायच्या आधी.”

मामा तिला गडबडच म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय इतिहास. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. तिनं माझं झाकण काढलं आणि बोटांनी मला सगळीकडून चाचपलं. आमची ओळख झाली असं मला वाटतंय न वाटतंय, तोच तिनं माझा पडदा बंद करून टाकला. एकदम काळा. मला अपमान वाटला. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच तर होतं. मग ती माझ्या बोलण्याचा वेग वाढवत गेली. अजून थोडा, अजून थोडा. शेवटी माझे शब्द एकमेकांवर आदळायला लागले. मला वाटलं, ही माझी थट्टा करायला आलेली दिसते.

मामानं एकदा माझा हेडफोन कानाला लावून पाहिला आणि झटक्यात काढला. “हा बडबड्या काय बोलतो? तोंडात खडे भरलेत याच्या. तुला खरंच कळतं, की मला फसवतेस?”

“तुला फसवायला मला संगणक कशाला लागतो?” गडबड म्हणाली.

तिला खरंच कळत होतं. तुम्ही कशा ओळींवरून डोळे झरझर फिरवता, नको ते सोडता, हवं तिथे थांबता? तशी ती कानांनी फिरायची. सावकाश बोललो की तिचं लक्ष उडायचं. मी पुढच्या शब्दावर येईपर्यंत ती पाय हलवत बसायची.

पडदा बंद का, तेही मला एकदा कळलं. मामा म्हणाला होता, “लावून ठेव की, माझं तरी मन रमेल.” तेव्हा ती म्हणाली, “खाली मोठ्या लॅबमध्ये मी मैत्रिणीला काहीतरी लिहीत होते. मागे उभं राहून एकानं ते वाचलं आणि वर्गात बोलून दाखवलं. मला दिसत नाही, म्हणून माझं सगळ्यांना दिसलं पाहिजे असं थोडंच आहे?”

मामानं पडदा लावायचा हट्ट सोडला. मीही माझ्या काळ्या पडद्याबद्दलची तक्रार मागे घेतली.

आमचे ते चांगले दिवस होते. अडचणी होत्याच. शिक्षक पुस्तकांच्या पानांचे फोटो काढून पाठवायचे. फोटोतली अक्षरं मला वाचता येत नाहीत. मला तो नुसता फोटो दिसतो. मग मी आपला, “चित्र. चित्र. चित्र.” ती सुस्कारा टाकून म्हणायची, “आज पुन्हा चित्रकलेचा तास.” मग मामा घरी बसून ती पानं एका बोटानं टाइप करून आणायचा आणि वर सांगायचा, “या राजाला भाऊ फार होते गं, माझं बोट सुजलं.”

घरात तिच्या शिकण्याच्या बाजूनं मामाशिवाय फारसं कुणी नव्हतं. एवढं वर्ष होऊ दे, असं म्हणत तिनं दरवर्षी एक वर्ष मागून घेतलं होतं. तिला शिक्षिका व्हायचं होतं. पदवी मिळाली की शिक्षकांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर घरी बसायचं हे ठरलेलं होतं. मी हे ऐकून होतो, म्हणून परीक्षा जवळ आली तशी मला तिची काळजी वाटायला लागली.

परीक्षा माझ्याच खोलीत झाली. काकांनी माझी बाहेरच्या जगाशी जोडणारी वायर काढून घेतली. टाइप केलेली प्रश्नपत्रिका माझ्यात घातली. पहिल्या पेपरला देखरेखीला आलेले सर खिडकीशी बसून पेंगले. सगळं सुरळीत पार पडलं.

दुसऱ्या पेपरला गणिताच्या मॅडम आल्या. तरुण, पण मुलं त्यांना टरकून असायची. त्या पेंगणाऱ्यांतल्या नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, तेव्हाच मी ओळखलं, ही माझ्याच जातीची आहे, संशयी.

त्यांच्या जागी बसून बघा. समोर एक मुलगी आहे. पडदा काळा ठिक्कर. कानात हेडफोन. बोटं भराभर चालली आहेत, आणि मधेच ती गालातल्या गालात हसते. का हसली ते मला माहीत होतं, मामानं टाइप केलेला तो भावांवाला राजाच प्रश्नात आला होता. मॅडमना ते कसं माहीत असणार?

त्या उठल्या आणि त्यांनी तिच्या कानातला हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला.

मी तेव्हा वाक्याच्या मध्यावर होतो आणि तिच्या वेगानं बोलत होतो.

“ही कुठली भाषा आहे?” मॅडमनी विचारलं.

“मराठीच आहे, मॅडम.”

“मला मराठी येते.”

“वेग जास्त आहे. मी कमी करून दाखवते.”

“हात लावू नकोस. जसं आहे तसं राहू दे.”

परीक्षाप्रमुख सरांना बोलावणं गेलं. त्यांनीही हेडफोन लावला आणि तोंड वाकडं केलं. काकांनी पडदा लावून दाखवला. त्यावर तिचं अर्धं लिहिलेलं उत्तर होतं.

“उत्तर आहे,” सर म्हणाले. “पण ते आलं कुठून?”

“अभ्यास केला, सर,” गडबड म्हणाली.

“सर, बाहेरची वायर मीच काढली आहे,” काका मधे बोलले.

“हल्ली वायर लागते कुठे? पेपर चालू असताना कानात यंत्र, आणि यंत्रात सांकेतिक भाषा. उद्या मला कुणी विचारलं तर काय सांगू?”

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, मी प्रश्न वाचतोय, तिचं तिलाच वाचून दाखवतोय. पण माझी गंमत अशी की मला माझं स्वतःचं काही बोलता येत नाही. पडद्यावर असेल तेवढंच. आणि तेही तेव्हा कुणाला कळत नव्हतं.

गडबडला उरलेला पेपर लिहू दिला, पण गेलेला वेळ भरून मिळाला नाही. तिची उत्तरं छापून वेगळ्या पाकिटात बंद केली गेली. चौकशी होईल, कॉपी ठरली तर परीक्षा रद्द, असं सर म्हणाले. पुढच्या पेपरांसाठी त्यांनी तोडगा काढला. दुसरा हेडफोन जोडायचा, तो मॅडमनी लावायचा, आणि मॅडमना प्रत्येक शब्द कळेल इतकंच सावकाश मी बोलायचं.

“मग मला वेळ वाढवून द्या,” गडबड म्हणाली.

“वेळ तर तुला आधीच इतरांपेक्षा जास्त आहे.”

“तो टायपिंगसाठी आहे, सर. हळू ऐकण्यासाठी नाही.”

“हे बघ, तू खरी असशील तर तुला हरकत असायचं कारण नाही.”

बाहेर जिन्यात मामाचा आवाज चढलेला ऐकू आला. मग तिचा आला, एकदम शांत. “मामा, तू भांडलास तर ते म्हणतील, चोराच्या सोबत दरोडेखोरही आलाय. चल घरी.”

तिसरा पेपर मी विसरू शकत नाही. मी एकेक शब्द सुटा करून बोलत होतो. भुकेल्या लेकराला एकेक शीत भरवावं आणि मधे थांबून विचारावं, गिळलंस का, तसं चाललं होतं. माझा शब्द संपायच्या आधीच तिला पुढचं हवं असायचं. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. आपण काय लिहिलं ते पुन्हा तपासायचं तिनं सोडूनच दिलं, कारण माझ्या तोंडून ते ऐकण्यात अर्धा तास गेला असता. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांच्या कानात दुसरं काय येणार? प्रश्न, आणि त्या मुलीची वाक्यं. चुकलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली.

वेळ संपला तेव्हा एक प्रश्न अर्धवट होता आणि एक राहिलाच होता. “येत होता का तो?” मॅडमनी विचारलं.

“कुठला?”

“राहिलेला.”

“तोच सगळ्यात चांगला येत होता,” गडबड म्हणाली आणि भिंतीला हात लावत बाहेर गेली.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडम एकट्याच खोलीत आल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता ही मला उघडून बघणार आणि नसलेलं काहीतरी शोधून काढणार. त्यांनी पडदा लावला, हेडफोन लावला आणि कालचीच प्रश्नपत्रिका मला वाचायला लावली. आधी हळू. मग वेग वाढवला. पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवून त्या माझ्यामागून धावत होत्या. अजून वाढवला. शब्द तर आता त्यांना कळत नव्हते, पण मी ज्या शब्दावर असायचो तो शब्द पडद्यावर चौकटीत उजळायचा, आणि त्यांचं बोट त्या चौकटीबरोबर अचूक चाललं होतं. प्रश्न संपला तिथे मीही थांबलो. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. किती वेळा लावलं कोण जाणे. संशयी माणूस एकदा बघून समाधान मानत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला तेव्हा वेग सरांनी ठरवलेलाच होता. पहिला प्रश्न मी रडतखडत वाचला. मग मॅडमनी गडबडच्या मनगटावर हलकेच हात ठेवला.

“तुझा वेग लाव.”

गडबडनं मान वळवली नाही. “का?”

“वेळ जातोय तुझा.”

“आणि नंतर म्हणाल, बघा, संधी दिली तर लगेच सांकेतिक भाषा सुरू.”

“नाही म्हणणार.”

“त्या दिवशीही तुम्ही मला दाखवू दिलं नव्हतं.”

मॅडमनी हात मागे घेतला. “माझा मुलगा दीड वर्षाचा आहे,” त्या म्हणाल्या. “दिवसभर बोलतो. शेजारणीला काही कळत नाही, त्याच्या बाबांनाही नाही. मला सगळं कळतं. त्या दिवशी तू म्हणालीस मराठी आहे, तेव्हा मला हे आठवायला हवं होतं.”

गडबड बोटं कळांवर ठेवून वाट बघत राहिली.

“मी काल करून पाहिलं. हा बोलतो ते पडद्यावर उजळत जातं. तू तुझ्या वेगानं ऐक, मी डोळ्यांनी बघते. मला पुरे आहे तेवढं. फक्त पडदा चालू ठेवावा लागेल.”

आता गडबड खरी अडली. पेपर समोर होता, वेळ चालला होता, आणि तिची बोटं कळांवरच अडून होती. कुणी मागे बसून तिचं अर्धवट वाक्य वाचणं म्हणजे तिला काय, ते मला माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं.

“कुणाला सांगणार नाही ना, मी काय काय खोडलं ते?” तिनं शेवटी विचारलं.

“मी गणिताची आहे. मला इतिहासातलं काय कळतंय?”

“हेडफोन काढू नका मात्र,” गडबड म्हणाली. “सर आले तर तो तुमच्या कानात दिसला पाहिजे.”

“अगं, नुसती किरकिर ऐकू येईल मला.”

“येऊ दे. मी एक पेपर तुमच्या वेगानं ऐकलाय. तुम्ही एक माझ्या वेगानं ऐका.”

मॅडमनी पडदा लावला. गडबडनं वेग वाढवला. आणि मग, मित्रांनो, मी असा बोललो की काय सांगू. प्रश्न, उत्तर, मागे, पुढे, खोड, पुन्हा लिही. तिच्या बोटांना उसंत नव्हती आणि माझ्या जिभेलाही. मॅडम कपाळाला आठ्या घालून त्या किरकिरीत शेवटपर्यंत बसून राहिल्या. त्यांचं डोकं ठणकत असणार. मधे परीक्षाप्रमुख दारात आले.

“सगळं समजतंय ना?” त्यांनी विचारलं.

“एक शब्दही समजत नाही, सर,” मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “पण दिसतंय सगळं. हळू आवाजात बोला, तिचा शेवटचा प्रश्न चाललाय.”

चौकशीत मॅडमनी हेच सगळं सरांना माझ्यासमोर बसवून करून दाखवलं. बंद पाकीट उघडलं, दुसरा पेपर तपासला गेला. गडबड पास झाली. शिक्षकांच्या त्या अभ्यासक्रमाला जागाही मिळाली. तिसऱ्या पेपरात मात्र ती जेमतेमच सुटली. तिच्या सगळ्यात चांगल्या येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच कधी वाचलं नाही, आणि तो प्रश्न तिला कुणी परत विचारलाही नाही.

पुढच्या वर्षी तिच्यासारखाच एक मुलगा परीक्षेला आला, तेव्हा सरांनी लगेच विचारलं, “याच्या कानात काय आहे?” म्हणजे मी काही अगदीच उगाच संशयी नाही. मॅडमना पुन्हा वर यावं लागलं. त्या आल्या.

मित्रांनो, कुणावर संशय घेऊ नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. मीच घेतो, तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? माझ्यावरची धूळ पुसा, मला वापरायला द्या, हे तर सगळेच संगणक सांगतील. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्याशेजारी बसून कुणी तुम्हाला न कळणाऱ्या पद्धतीनं वाचत असेल, लिहीत असेल, आणि तुमच्या मनात शंका आली, तर जरूर तपासा. वाकून बघा, कान लावा, डोकं दुखेपर्यंत ऐका. फक्त त्या तपासाला लागणारा वेळ त्याच्या पेपरातून काढू नका. शंका तुमची आहे, तर वेळही तुमचाच खर्च होऊ द्या.